दारावरचं चिंध्यांचं कडं

मी दारावरचं कडं बोलतोय. वर्षातले पंधरा-वीस दिवस दारावर आणि उरलेलं वर्ष पत्र्याच्या डब्यात, असा माझा मुक्काम असतो. बाहेरून बघाल तर मी नुसत्या चिंध्या. पण आत एक तारेचा हँगर आहे आणि खरा मी तोच. निर्जीव वस्तूला कसलं आलंय दुःख, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे ऐकलं नाही तरी माझी हरकत नाही. तसं ते दुःख माझं नाहीच. ते एका आईचं आणि तिच्या लेकीचं आहे. मी फक्त दोघींच्या मधे लटकत होतो.

जन्माचं फारसं सांगता येणार नाही. शंभर भावंडांच्या जुडीत बांधलेला मी एका कपडे धुण्याच्या दुकानात आलो, एवढं आठवतं. तिथे माझ्यावर कुणाकुणाचे कोट चढले, उतरले. वाफेचा वास, इस्त्रीखालचा चर्र आवाज आणि गिऱ्हाइकांची घाई. एकदा एका जाड ओव्हरकोटाच्या वजनानं माझा खांदा वाकला. दुकानाच्या मालकानं मला उचलून बघितलं आणि कोपऱ्यात फेकलं. तो कोपरा टाचणीबाईचा होता, हे माझं नशीब.

टाचणीबाई दुकानाच्या काचेजवळ शिवणयंत्रावर बसायची. नवे कपडे ती शिवत नसे. कुणाची पँट लांब झाली, चेन बिघडली, कोटाचं अस्तर उसवलं की तिच्याकडे यायचं. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे तिचं बोलणं हुंकारावर चालायचं. गिऱ्हाईक विचारायचं, "उद्या होईल?" ती म्हणायची, "हं." "नक्की ना?" "हं." सगळी गल्ली तिला टाचणीबाई म्हणायची आणि तिची त्याला काही हरकत नव्हती. टाचण्या काढून ठेवल्यावरही ती फार बोलायची अशातला भाग नाही.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बोलण्याची त्यानं बायकोची सगळी कसर भरून काढली होती. त्यांना एक मुलगी होती, लहानपणी अगदी एवढीशी, म्हणून तिचं नाव पडलं चिमटी. "घरात एक टाचणी आणि एक चिमटी," तो शेजाऱ्यांना सांगायचा, "मी बापड्यानं बसायचं कुठं?"

मी त्यांच्या घरी आलो त्या वर्षी त्याचं काम बंद होतं. काम करताना पायाचं हाड मोडलं होतं आणि तो पाय उशीवर ठेवून खिडकीशी बसलेला असायचा. नाताळ आठवड्यावर आला होता. इमारतीतल्या एकेका दारावर चमचम करायला लागली होती. कुणाच्या दारावर सोनेरी झिरमिळ्या, कुणाच्या दारावर रंगीत दिवे. चिमटी तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेतून जिना चढताना ती प्रत्येक दारापाशी थांबायची आणि आपल्या दारापाशी आली की मान खाली घालून आत शिरायची.

"आई, आपल्या दाराला काय लावायचं?" तिनं विचारलं.

"बघू."

"विकत आणायचं?"

टाचणीबाईनं नवऱ्याच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी घरात काय आहे ते बघू. बाजार कुठं पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून मला आणि एक पिशवीभर चिंध्या घरी आणल्या. पँटी आखूड केल्या की खालचा पट्टा उरतो, तसले पट्टे होते ते. निळे, राखाडी, काळे, तपकिरी. कुणाचा तरी मोठा हिरवा पडदा तिनं वीतभर आखूड केला होता, त्याचाही लांबलचक तुकडा होता. बाप लेकीला म्हणाला, "बघ, अख्ख्या गावाचे पाय तुझ्या दाराशी आणलेत आईनं."

मला दोन्ही हातांनी धरून तिनं वाकवलं. खरं सांगतो, दुखलं. त्रिकोणाचा गोल व्हायचं म्हणजे काही सोपं काम नाही. वरचा आकडा मात्र तिनं तसाच ठेवला, टांगायला. मग तिनं कापडाच्या वीतभर लांब, दोन बोटं रुंद अशा पट्ट्या कापल्या आणि एकेक पट्टी माझ्याभोवती गाठ मारून बांधायला लागली. गाठ मारायची, घट्ट ओढायची, शेजारच्या गाठीला चिकटवून सरकवायची. चिमटी पट्ट्या हातात देत होती. "आता हिरवी. आता पुन्हा हिरवी. आता निळी." तीन संध्याकाळी ते काम चाललं. शेवटी तार कुठे दिसेना आणि मी असा झुबकेदार झालो की नवऱ्यानं मला आपल्या डोक्याला लावून बघितलं.

पण ती माझ्यावरच थांबली नाही. मुरंब्याच्या रिकाम्या बाटल्या धुऊन तिनं त्यांच्या तळाला जाडं मीठ पसरलं आणि त्यात मेणबत्त्यांचे बुटके तुकडे रोवले. खिडकीत ठेवल्यावर मीठ बर्फासारखं दिसलं. रंगाच्या जुन्या डब्यात वाळू भरून तिनं झाडाच्या वाळक्या फांद्या खोचल्या, फांद्यांना चुन्याचा हात दिला आणि तेच झालं आमचं नाताळचं झाड. शिवण शिकताना कपडे बेतलेल्या जुन्या कागदांच्या चांदण्या केल्या. त्या कागदांवर तिच्याच हातच्या खुणा होत्या, बाही, गळा, कंबर. संत्र्याच्या चकत्या चुलीच्या उबेला वाळवून दोऱ्यात ओवल्या. खोलीला दोन दिवस त्यांचा वास येत होता.

नाताळच्या आदल्या सकाळी मला दारावर टांगलं. वरच्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होत्या, त्या माझ्यासमोर थांबल्या. मला हात लावून म्हणाल्या, "अगंबाई, हे कापडाचं आहे होय? कुणाला सुचलं हे?"

"आईला," चिमटी म्हणाली. इतक्या मोठ्यानं म्हणाली की तिचा आवाज जिन्यात घुमला.

तो माझ्या आयुष्यातला पहिला दिवस आणि सगळ्यात चांगलाही.

पुढे नवऱ्याचा पाय बरा झाला, काम सुरू झालं. आता झिरमिळ्या विकत आणणं काही अवघड नव्हतं. पण चिमटीनंच नको म्हटलं. दरवर्षी मायलेकी मिळून काही ना काही नवं करायच्या. अंड्यांच्या खोक्याच्या कागदी वाट्या कापून घंटा केल्या. जुन्या स्वेटरची लोकर उसवून तिचे गोंडे केले. खडूची पूड साबणाच्या पाण्यात कालवून काचेवर बर्फ रंगवलं, ते ओल्या फडक्यानं पुसलं की जायचं. इमारतीतल्या बायका बघायला यायच्या आणि टाचणीबाई त्यांना दाखवायची. बोलून कमी, हातानं जास्त. पण त्या दिवसांत तिच्या तोंडात टाचण्या नसायच्या.

चिमटी मोठी झाली. तिच्या हातात आईचा हात उतरला होता. शिक्षण संपल्यावर घर सजवायच्या वस्तू विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात तिला नोकरी लागली. आधी काउंटरवर उभं राहायचं काम होतं. दोन वर्षांनी तिला सजावटीच्या विभागात घेतलं. रस्त्यावरच्या मोठ्या काचेमागे वस्तू मांडायच्या, म्हणजे येणाराजाणारा थांबला पाहिजे, असं ते काम. त्या विभागाची प्रमुख एक कडक बाई होती. सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे.

त्या वर्षी नाताळच्या दोन महिने आधी मोठ्या बाईंनी सगळ्यांना सांगितलं की यंदा चकचकाट नको. लोक कंटाळलेत. घरगुती, साधं, हातानं केलेलं वाटेल असं काहीतरी आणा. ज्याचं पसंत पडेल त्याच्या हाती काच.

चिमटीनं चार रात्री कागदावर चित्रं काढली आणि फाडली. पाचव्या दिवशी आई कामावर गेली असताना ती डब्याजवळ आली, मला बाहेर काढलं आणि कापडी पिशवीत घातलं. पिशवीत जाताना मला वाटलं, आईला सांगितलं असेल. संध्याकाळी परत आणून ठेवू, असंच तिच्याही मनात असावं. तिच्या मनात त्या दिवशी काही वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मोठ्या बाईंनी मला टेबलावर ठेवलं. उलटं करून बघितलं, चष्मा वर सरकवला, एक गाठ ओढून बघितली. खोलीत आणखी पाच-सहा जण होते. कुणीतरी म्हणालं, "हे फार सुरेख आहे."

"कुणी केलं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

मी चिमटीकडे बघत होतो. तिनं तोंड उघडलं. "आईनं" म्हणायला किती वेळ लागतो? पण समोर सगळे वाट बघत होते आणि मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू होतं.

"मी," ती म्हणाली.

मला वाचा असती तर मी तिथेच बोललो असतो. पण आम्हा वस्तूंची वाचा अशीच असते, गोष्ट होऊन गेल्यावर येणारी.

एकदा 'मी' म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप होत गेलं. "आणखी काय सुचतंय?" बाईंनी विचारलं. मग मिठाच्या बाटल्या आल्या, चुन्याच्या फांद्या आल्या, खुणांच्या कागदाच्या चांदण्या आल्या. तिच्या तोंडून टाचणीबाईचं अख्खं घर एकेक करून बाहेर आलं आणि काचेमागे मांडलं गेलं. मला मधोमध टांगलं. माझ्यासारखी शेकडो कडी कुठल्याशा कारखान्यात बनवून दुकानात विकायला ठेवली. त्यांच्या चिंध्या नव्या कापडातून मुद्दाम कापलेल्या आणि डिंकानं चिकटवलेल्या होत्या. काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक पांढरं कार्ड होतं. त्यावर चिमटीचं पूर्ण नाव आणि खाली, 'यांच्या कल्पनेतून'.

घरी आईनं डबा उघडून विचारलं, "कडं कुठं गेलं गं?" हे मला पुढे बापाच्या बोलण्यातून कळलं. चिमटी म्हणाली, "असेल कुठंतरी, शोधते." आणि असंही म्हणाली की दुकानात सध्या फार गर्दी आहे, इतक्यात बघायला येऊ नका.

पण कुठले आईबाप ऐकतात? लेकीची पहिली काच. एका दुपारी दोघं आली. मी काचेच्या आत होतो, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. बापानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. टाचणीबाईनं ठेवणीतले कपडे घातले होते आणि हातात एक डबा होता, लेकीसाठी काहीतरी खायला केलं असणार. बाप लांबूनच हात करून दाखवत होता, ती बघ, ती. काचेजवळ आल्यावर तो खळखळून हसला. त्याला आधी वाटलं असेल की लेकीनं आईचा मान केला. त्यानं बायकोचा हात धरून तिला पुढे केलं. माझ्याकडे बोट दाखवलं, बाटल्यांकडे दाखवलं.

टाचणीबाई हसत होती. खरंच हसत होती, हे मी शपथेवर सांगीन. ती काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेली. मग वाकून तिनं कार्ड वाचलं.

ती बराच वेळ वाकलेलीच राहिली. इतकं काही लिहिलं नव्हतं त्यावर. बापानंही वाचलं आणि तो दुकानाच्या दाराकडे वळला. तिनं त्याची बाही धरली. तो काहीतरी बोलत होता, तिनं नुसती मान हलवली. त्याच वेळी चिमटी शिडी घेऊन आतल्या दारातून आली आणि तिला काचेपलीकडे आई दिसली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मधे काच आणि काचेच्या आत मी. मग टाचणीबाईनं हातातला डबा जरा वर करून दाखवला, दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे तो दिला आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. चिमटी बाहेर धावली नाही. शिडी धरून उभी राहिली. नंतर तिनं मला सारखं करायचं निमित्त केलं आणि तोंड माझ्याआड लपवलं.

हंगाम संपल्यावर तिनं मला घरी आणलं. डब्यात ठेवताना आई दारात उभी होती.

"सापडलं का?" आईनं विचारलं.

"हो," चिमटी म्हणाली.

तेवढंच. आई भांडली असती, रडली असती, दोन शब्द सुनावले असते, तर कदाचित सगळं तिथेच मिटलं असतं. पण त्या घरात बोलायचं काम बापाकडे होतं आणि त्याला तिनं गप्प बसवलं होतं.

पुढच्या नाताळपर्यंत चिमटी दुकानाजवळ खोली घेऊन राहायला गेली होती. कामाची वेळ जमत नाही, हे कारण. टाचणीबाईनं मात्र नेहमीप्रमाणे डबा उघडला. मला झटकलं, दबलेल्या चिंध्या बोटांनी उठवल्या आणि दारावर टांगलं. बाटल्या धुतल्या, चांदण्या कापल्या. मला वाटलं, माफ केलं तिनं. दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू जिना उतरत आल्या. बरोबर त्यांची नवी सून होती. काकू आता थकल्या होत्या, बऱ्याच गोष्टी विसरायच्या.

सून माझ्याजवळ थांबली. "अय्या, हे त्या मोठ्या दुकानातल्यासारखं आहे अगदी. किती छान जमलंय हो तुम्हाला. बघून बघून केलंत?"

काकू म्हणाल्या, "तिचे हात चांगलेच आहेत गं. काहीही दाखवा, हुबेहूब करते."

मी टाचणीबाईच्या तोंडाकडे बघत होतो. तिच्या तोंडात त्या वेळी एकही टाचणी नव्हती.

"हं," ती म्हणाली.

त्या दोघी खाली गेल्यावर तिनं मला उतरवलं. बाप आतून आला.

"का काढलंस?"

"नको वाटलं."

"मी जातो उद्या त्या दुकानात. सांगतो त्या बाईला, हे माझ्या बायकोचं आहे म्हणून. कोण काय करतं बघू."

"आणि तिची नोकरी?"

"जाईल तर जाऊ दे. लिफ्टमधे तेल घालायला शिकवीन तिला."

"तू कुठंही जायचं नाहीस," टाचणीबाई म्हणाली. मला ऐकू आलेलं तिचं ते सगळ्यात ठाम वाक्य. "एवढी वर आलीय पोर. तिला तिथून मी खाली ओढू?"

मग तिनं बाटल्यांमधलं मीठ ओतून टाकलं, चांदण्यांची घडी करून कपाटात ठेवली आणि यंत्रावर जाऊन बसली. त्यानंतर त्या घराच्या दारावर तिच्या हातचं काही लागलं नाही. बापानं एका वर्षी बाजारातून पत्र्याची चांदणी आणली, ती एका खिळ्यावर वाकडी लटकत राहिली. तिनं ती काढली नाही आणि सरळही केली नाही.

चार वर्षं मी डब्यात पडून होतो. डब्यातल्या अंधाराचं मला काही वाटत नव्हतं, त्याची सवय होती. वाईट वाटायचं ते याचं की जगात माझ्यासारखी शेकडो कडी दारोदार लटकत होती आणि जिच्या हातून पहिलं झालं, तिचं दार उघडंबोडकं होतं.

चिमटी येत-जात असायची. हातात काहीतरी घेऊन यायची, आईला डोळ्यांत घालायचं औषध, बापाला स्वेटर. तासभर बसायची. बोलणं हवेचं, तब्येतीचं. मोठ्या बाईंची जागा आता तिला मिळणार होती. अशाच एका भेटीत ती निघताना बापानं तिला अडवलं. टाचणीबाई आत होती.

"चार नाताळ झाले," तो म्हणाला, "तुझ्या आईनं दाराला हात लावलेला नाही. तुला दिसलं नाही, की बघितलं नाहीस?"

चिमटीनं चप्पल काढली आणि परत आत गेली.

माझा डबा त्याच खोलीत, पलंगाखाली होता. मला सगळं ऐकू आलं.

"आई, ते कडं माझं नव्हतं. मी माझं म्हणाले," चिमटी म्हणाली.

"माहीत आहे मला."

"त्याच दिवशी सांगायचं होतं बाईंना. मग वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी गेले तर त्यांनी वरिष्ठांना सांगून टाकलं होतं. मग वाटलं, हंगाम संपला की सांगू. मग कार्ड छापून आलं. दर दिवशी ते आणखी अवघड होत गेलं."

बराच वेळ यंत्राचं चाक हातानं फिरवल्याचा आवाज येत होता, सुई वर, सुई खाली.

"तू विचारलं असतंस तर दिलं असतं मी," टाचणीबाई म्हणाली. "तुझं म्हणून सांग, असंही म्हणाले असते. मला कुठं दुकान काढायचं होतं? पण तू विचारलंच नाहीस. त्या दिवशी मी तयार होऊन आले होते, मला वाटलं, तिथली माणसं मला विचारतील, हे कसं केलं, ते कसं केलं. मी येताना बसमधे मनात जुळवत होते, काय सांगायचं ते. तुम्ही बाटल्यांत बारीक मीठ घातलं होतं. बारीक मिठाला पाणी सुटतं. तेसुद्धा मी सांगणार होते."

चिमटी रडायला लागली. आईनं तिला जवळ घेतलं की नाही ते मला डब्यातून दिसलं नाही. नंतर आवाज आला तो तिच्या नाक शिंकरण्याचा आणि आईचा, "चहा टाकते."

चिमटीनं मग जे करायला हवं होतं ते केलं. दुकानात जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. बाई निवृत्तीच्या वाटेवर होत्या, टेबल आवरत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कोणतं कडं? ते चिंध्यांचं? अगं, ती कधीच गेली मोडीत. आता कुणाला आठवतंय?" त्या चांगल्या अर्थानं म्हणाल्या, तिची समजूत घालायला. चिमटीनं घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. मला तेव्हा कळलं की सांगायला फार उशीर केला तर सांगायचं तेवढं उरतं, ऐकणारं कुणी उरत नाही.

तिनं आणखी एक प्रयत्न केला. दुकानाच्या वरच्या हॉलमधे बायकांसाठी एक दिवसाचा वर्ग ठेवायचा, कमी खर्चात नाताळची सजावट, आणि शिकवायला आई. आमंत्रणाचा कागद घेऊन ती आली. टाचणीबाईनं तो चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी केली आणि परत दिला.

"आता नको बाळा. आता मी दाखवलं तरी लोकांना वाटेल, दुकानानं शिकवून पाठवलंय बाईला."

निघताना चिमटीनं विचारलं, "मग कडं तरी मी नेऊ?" तिनं या वेळी विचारलं. टाचणीबाई म्हणाली, "ने."

तेव्हापासून मी चिमटीच्या घरी आहे. दुकानाच्या काचेमागे तिच्या हाताखाली आता दहा माणसं काम करतात, पण स्वतःच्या घरात ती माझ्याशिवाय काहीही लावत नाही. माझा निळा रंग राखाडी झालाय, राखाडीचा कसला तरी झालाय. आकड्याला गंज चढला म्हणून तिनं दाराला डाग पडू नये यासाठी मागे कापड लावलंय. बाप दोन वर्षांपूर्वी वारला. टाचणीबाई आता यंत्रावर बसत नाही, बोटं आखडली आहेत. ती लेकीकडेच राहते.

या नाताळला शेजारच्या फ्लॅटमधे नवीन जोडपं आलं. त्यातली बाई वाटी परत द्यायला आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. "हे किती वेगळं आहे. कुठून घेतलंत?"

"घेतलं नाही. माझ्या आईनं केलंय," चिमटी म्हणाली. जराही न थांबता म्हणाली. "ही बघा, इथेच बसलीय. तिलाच विचारा."

शेजारीण आत आली. टाचणीबाईच्या खुर्चीजवळ खाली बसली. चांगली बाई होती, खरोखर उत्सुक. "आजी, मलाही करायचंय. सांगा ना, कसं केलंत?"

इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलं होतं. चिमटी हातातलं काम सोडून उभी होती. मीही तारेत ताठ झालो होतो.

टाचणीबाईनं माझ्याकडे बघितलं. मग त्या बाईकडे बघून हसली.

"आता आठवत नाही गं," ती म्हणाली.

ती खरंच विसरली, की तिला सांगायचं नव्हतं, हे इतकी वर्षं तिच्या गाठींत राहूनही मला कळलेलं नाही. चिमटीलाही कळलेलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. मी कसा झालो, बाटल्या, फांद्या, चांदण्या कशा झाल्या, ते मी वर सगळं सांगितलंय. खुशाल करा. घरात पडलेल्या वस्तूंनी दार सजवण्यावर कुणाची मालकी नाही, आणि टाचणीबाईनं कुणालाच कधी नाही म्हटलं नव्हतं. फक्त कुणाकडून शिकलात ते त्याच दिवशी सांगा, विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत. एक दिवस गेला की तो शब्द जड व्हायला लागतो. आणि तुमच्या घरात असं गप्प बसून काहीबाही करणारं कुणी असेल, तर ते कसं केलंस हे त्याला आत्ताच विचारा, अजून त्याला सांगावंसं वाटतंय तोवर.

आता मी थांबतो. टाचणीबाईला दुपारी जरा डोळा लागतो आणि चिमटी दार ओढून घ्यायला आली आहे, आवाज होऊ नये म्हणून एक हात माझ्यावर ठेवून.